एका देशाचे चार संघ

ऑलिम्पिकच्या संचलनात ब्रिटनचे खेळाडू एकाच झेंड्यामागे चालतात. संयुक्त राष्ट्रसंघात त्या देशाला एकच जागा आहे. फुटबॉलच्या विश्वचषकासाठी मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार संघ वेगवेगळे उतरतात. भारताचा संघ एक, ब्राझीलचाही एकच. मग ब्रिटनलाच चार कसे?

थोडक्यात उत्तर असे, की हे चौघे आधी आले आणि जागतिक फुटबॉल नंतर आले. फिफा ही जागतिक संघटना १९०४ साली स्थापन झाली, तेव्हा हे चार शेजारी वीस वर्षांपासून दर हंगामात आपापसात एक स्पर्धा खेळत होते. तिचे नाव ब्रिटिश होम चॅम्पियनशिप. राष्ट्रीय संघांमध्ये झालेली जगातली ही पहिली फुटबॉल स्पर्धा. १८८४ मध्ये तिचा पहिला सामना झाला आणि १९८४ मध्ये शेवटचा. आज ती फारशी कुणाला आठवत नाही. पण फुटबॉलमध्ये आज स्वाभाविक वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी तिच्याच आगेमागे घडल्या.

१. देश नव्हे, असोसिएशन

फुटबॉलमध्ये संघ मैदानात उतरवते ती त्या त्या भागातली असोसिएशन, म्हणजे क्लबांनी मिळून उभी केलेली संघटना. तो भाग सार्वभौम देशच असला पाहिजे, अशी अट सुरुवातीला कुणी घातलीच नव्हती, कारण अट घालणारेच कुणी अस्तित्वात नव्हते.

लंडनमध्ये १८६३ साली पहिली असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नावात 'इंग्लंड' हा शब्द नाही. ती नुसतीच 'द फुटबॉल असोसिएशन'. दुसरी कोणतीच नसल्यामुळे वेगळी ओळख सांगण्याची गरज नव्हती. पुढे स्कॉटलंडची १८७३ मध्ये, वेल्सची १८७६ मध्ये आणि आयर्लंडची १८८० मध्ये बेलफास्टला उभी राहिली. प्रत्येकीचे क्लब वेगळे, तिजोरी वेगळी आणि अभिमानही वेगळा.

पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना तर स्कॉटलंडची असोसिएशन जन्मण्याच्याही आधी झाला. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक इथे इंग्लंड आणि स्कॉटलंड भिडले. मैदान क्रिकेट क्लबचे होते, आणि स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. सुमारे चार हजार लोकांनी हा सामना पाहिला. एकही गोल झाला नाही, तरी लोकांना खेळ आवडला आणि पुढच्या वर्षी पुन्हा सामना ठरला.

२. आधी नियम, मग स्पर्धा

गल्ली क्रिकेटमध्ये एका टप्प्यानंतरचा झेल कुठे बाद धरतात, कुठे नाही. शेजारच्या गल्लीतली मुले खेळायला आली की पहिली पाच मिनिटे नियम ठरवण्यातच जातात. १८७० च्या दशकात इंग्लंड आणि स्कॉटलंडची गत तशीच होती. दोघांच्या नियमावल्या पुष्कळशा सारख्या होत्या, पण अडचणीच्या जागी वेगळ्या निघत. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की तो आत कसा फेकायचा, एका हाताने की दोन्ही हातांनी, हव्या त्या दिशेला की सरळ रेषेत, यावरून बराच वाद होता. ज्याच्या घरी सामना त्याचा नियम, असा तोडगा काही वर्षे चालला.

दर वर्षी सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचे असेल तर हा तोडगा पुरणार नव्हता. डिसेंबर १८८२ मध्ये चारही असोसिएशनचे प्रतिनिधी मँचेस्टरला जमले आणि त्यांनी एकच नियमावली ठरवली. चेंडू दोन्ही हातांनी आत फेकण्याचा नियम सर्वांसाठी लागू झाला, तो आजही आहे. नियम एक झाले आणि लगेच पुढच्या हंगामात, १८८३-८४ मध्ये, चौघांची स्पर्धा सुरू झाली. २६ जानेवारी १८८४ रोजी बेलफास्टला पहिला सामना झाला आणि स्कॉटलंडने आयर्लंडला ५-० असे हरवले. पुढचे दोन्ही सामने जिंकून पहिले विजेतेपदही स्कॉटलंडनेच मिळवले.

नियम एकदा ठरवून भागत नाही. ते बदलण्याचा अधिकार कुणाकडे, हेही ठरवावे लागते. त्यासाठी या चौघांनी १८८६ साली एक कायमचे मंडळ नेमले, इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड. फिफाला त्यात प्रवेश मिळाला तो १९१३ मध्ये. हे मंडळ आजही काम करते. त्यात आठ मते असतात: चार ब्रिटिश असोसिएशनचे प्रत्येकी एक आणि फिफाची मिळून चार. नियम बदलायला सहा मते लागतात. म्हणजे दोनशेहून अधिक सदस्य असलेल्या फिफाला ऑफसाइडच्या नियमात काही बदलायचे झाले, तर चार ब्रिटिश असोसिएशनपैकी निदान दोघींची संमती घ्यावीच लागते. वेल्सची लोकसंख्या जेमतेम तीस लाखांच्या वर आहे, हे लक्षात घेतले की या व्यवस्थेचे नवल वाटते.

३. सहा सामने

स्पर्धेची रचना अगदी सोपी होती. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे. चार संघ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन सामने येतात. चार त्रिक बारा. पण एका सामन्यात दोन संघ असल्यामुळे प्रत्येक सामना दोनदा मोजला गेला, म्हणून प्रत्यक्षात सामने सहा. विजयाला दोन गुण, बरोबरीला प्रत्येकी एक, पराभवाला शून्य. तिन्ही सामने जिंकणाऱ्याला सहा गुण; त्यापेक्षा जास्त कुणालाच मिळू शकत नाहीत.

ब्रिटनमध्ये फुटबॉलचा हंगाम उन्हाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढच्या वर्षीच्या वसंतापर्यंत चालतो. म्हणून प्रत्येक स्पर्धेला दोन वर्षांचे जोडनाव लागते. बरीच दशके हे सहा सामने हंगामभर विखुरलेले असत, आणि इंग्लंड-स्कॉटलंड सामना बहुधा एप्रिलमध्ये, सगळ्यांच्या शेवटी.

तीन सामन्यांच्या स्पर्धेत एक अडचण अटळ आहे. घरच्या मैदानावरचे सामने समान वाटता येत नाहीत. दोन संघांना घरी दोन आणि बाहेर एक सामना मिळणार, उरलेल्या दोघांना उलटे. त्यावर उपाय एवढाच, की पुढच्या वर्षी घरचे आणि बाहेरचे सामने उलटवायचे.

सुरुवातीच्या काळात चारही संघ एका ताकदीचे नव्हते. आयर्लंडने १८८२ मध्ये आपला पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना इंग्लंडविरुद्ध बेलफास्टला खेळला आणि १३-० असा गमावला. इंग्लंडचा तो आजवरचा सर्वांत मोठा विजय आहे. पुढे इंग्लंडचा आत्मविश्वास असा वाढला, की १५ मार्च १८९० रोजी त्यांनी एकाच दिवशी दोन राष्ट्रीय संघ उतरवले: एक रेक्सहॅमला वेल्सविरुद्ध, दुसरा बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध. पहिल्याने ३-१ असा विजय मिळवला, दुसऱ्याने ९-१ असा. दोन्ही सामने अधिकृत धरले गेले.

वेल्सला पहिले विजेतेपद मिळायला १९०७ उजाडले. आयर्लंडने १९०३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडसोबत ते वाटून घेतले, आणि एकट्याने जिंकले ते १९१४ मध्ये. त्यानंतर महायुद्धामुळे पाच हंगाम स्पर्धाच झाली नाही, त्यामुळे विजेतेपद आयर्लंडकडेच राहिले.

४. वाटून घेतलेले विजेतेपद

आज बऱ्याच स्पर्धांत दोन संघांचे गुण सारखे झाले की गोलफरक पाहतात. केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करायचे. ज्याची बाकी जास्त तो वर. होम चॅम्पियनशिपमध्ये १९७८-७९ च्या हंगामापर्यंत हा प्रकार नव्हता. गुण सारखे, तर विजेतेपद दोघांचे. तिघांचे सारखे, तर तिघांचे.

हे अपवादाने घडत नव्हते. पूर्ण झालेल्या ८८ स्पर्धांपैकी २० स्पर्धांत विजेतेपद वाटले गेले. तीनच सामने आणि शून्य ते सहा एवढाच गुणांचा पल्ला असल्यावर दुसरे काय होणार? गंमत अशी की या वीसही वाटण्यांमध्ये इंग्लंडचा हिस्सा आहे. एकूण हिशेब असा: इंग्लंडने ३४ वेळा एकट्याने आणि २० वेळा वाटून, स्कॉटलंडने २४ वेळा एकट्याने आणि १७ वेळा वाटून, वेल्सने सात वेळा एकट्याने आणि पाच वेळा वाटून, तर आयर्लंडने (पुढचा उत्तर आयर्लंड धरून) तीन वेळा एकट्याने आणि पाच वेळा वाटून विजेतेपद मिळवले.

वाटणीची कमाल झाली १९५५-५६ मध्ये. उत्तर आयर्लंडने स्कॉटलंडला २-१ ने हरवले, वेल्सने इंग्लंडला २-१ ने, इंग्लंडने उत्तर आयर्लंडला ३-० ने, स्कॉटलंडने वेल्सला २-० ने. एप्रिलमधले उरलेले दोन्ही सामने १-१ असे सुटले. प्रत्येकाच्या खात्यावर एक विजय, एक बरोबरी, एक पराभव. सहा सामन्यांत मिळून बारा गुण वाटले जातात. चौघांत समान वाटले तर प्रत्येकी तीन. नेमके तेच झाले आणि चारही संघ विजेते ठरले. खरे तर चारही संघ शेवटचेही ठरले, पण तसे कुणी लिहीत नाही.

गोलफरक त्या वर्षी मोजला असता तर? इंग्लंडने पाच गोल केले, तीन खाल्ले: अधिक दोन. स्कॉटलंडचे चार आणि तीन: अधिक एक. वेल्सचे तीन आणि चार: उणे एक. उत्तर आयर्लंडचे तीन आणि पाच: उणे दोन. इंग्लंड एकटा विजेता ठरला असता, तेही उत्तर आयर्लंडविरुद्धच्या एका मोठ्या विजयाच्या जोरावर. गोलफरकाचा दोष हाच आहे: दुबळ्या संघाला धुऊन काढणाऱ्याला तो बक्षीस देतो. जुनी वाटणी भाबडी वाटली तरी तिच्यात न्याय कमी नव्हता.

५. खरा सामना

स्पर्धा चौघांची असली तरी गर्दी खेचणारा सामना एकच होता, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. तो जिंकला की स्पर्धेतला क्रमांक कुणी विचारत नसे. ३१ मार्च १९२८ रोजी स्कॉटलंडने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ५-१ असे हरवले. त्या अकरा जणांना 'वेम्बलीचे जादूगार' हे नाव पडले आणि स्कॉटलंडच्या घराघरांत ते माहीत झाले. त्या हंगामाची स्पर्धा वेल्सने जिंकली होती, हे मात्र स्कॉटलंडमध्येही फार थोड्यांच्या लक्षात असते. उलट बाजूला १९६१ चा वेम्बलीवरचा ९-३ असा पराभव स्कॉटलंडला कित्येक वर्षे ऐकवला गेला.

ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर १९३७ मध्ये या सामन्याला जवळजवळ दीड लाख प्रेक्षक होते. या गर्दीची किंमतही चुकवावी लागली. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्याच आयब्रॉक्स मैदानावर लाकडी प्रेक्षकसज्जाचा एक भाग खचला. २५ जणांचा मृत्यू झाला, पाचशेहून अधिक जखमी झाले. तरीही सामना थोड्या वेळाने पुढे चालू केला गेला. १-१ हा त्याचा निकाल नंतर हिशेबातून काढून टाकला, आणि महिन्याभराने बर्मिंगहॅमला तो पुन्हा खेळवून त्याचे उत्पन्न आपद्ग्रस्तांच्या निधीला दिले.

६. आयर्लंडचा गुंता

चार संघांपैकी एकाच्या नावामागे राजकारणाची मोठी गाठ होती. १८८० ची आयरिश असोसिएशन संपूर्ण बेटाची होती. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले आणि दक्षिणेत पुढे स्वतंत्र आयर्लंड उभे राहिले. त्याच वर्षी डब्लिनमध्ये दुसरी असोसिएशन निघाली. बेलफास्टच्या असोसिएशनने मात्र आपला दावा सोडला नाही. होम चॅम्पियनशिपमध्ये तिचा संघ 'आयर्लंड' म्हणूनच खेळत राहिला आणि दक्षिणेत जन्मलेले खेळाडूही निवडत राहिला. डब्लिनचा संघही स्वतःला आयर्लंडच म्हणवत असे. परिणामी दोन 'आयर्लंड' आणि दोघांकडूनही खेळलेले काही खेळाडू, अशी विचित्र अवस्था तयार झाली.

१९५० पर्यंत हे चालले. त्या वर्षी होम चॅम्पियनशिपचे सामने विश्वचषकाच्या पात्रतेसाठी धरले गेले. एकच खेळाडू एकाच विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दोन संघांकडून खेळला, हे फिफाला चालणारे नव्हते. मार्च १९५० मध्ये रेक्सहॅमला वेल्सविरुद्ध खेळलेला संघ हा सगळ्या बेटातून निवडलेला बेलफास्टचा शेवटचा संघ ठरला. नंतर फिफाने आपल्या स्पर्धांसाठी 'उत्तर आयर्लंड' हे नाव ठरवून दिले. रग्बी आणि क्रिकेटमध्ये आजही सगळ्या आयर्लंड बेटाचा एकच संघ खेळतो. फुटबॉलने वेगळी वाट धरली.

७. विश्वचषकाचे दार

पहिले तीन विश्वचषक या चौघांशिवायच झाले. पहिल्या महायुद्धानंतर शत्रुराष्ट्रांशी खेळण्यावरून १९२० मध्ये आणि हौशी खेळाडूंना द्यायच्या भरपाईवरून १९२८ मध्ये, असे दोनदा ब्रिटिश असोसिएशननी फिफा सोडली. १९४६ मध्ये त्या परतल्या. दुसऱ्या महायुद्धाने फिफाची तिजोरी रिकामी केली होती. मे १९४७ मध्ये ग्लासगोला ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप असा सामना झाला आणि त्याचे उत्पन्न फिफाला मिळाले. परतताना चौघींची स्वतंत्र सदस्यत्वे आणि नियम-मंडळातल्या जागा शाबूत राहिल्या. सुरुवातीच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर इथे आहे.

१९५० च्या विश्वचषकासाठी १९४९-५० ची होम चॅम्पियनशिप हीच पात्रता फेरी ठरली, आणि पहिल्या दोन क्रमांकांना ब्राझीलचे तिकीट मिळणार होते. स्कॉटलंडच्या असोसिएशनने आधीच जाहीर केले, की आम्ही जाऊ तर विजेते म्हणूनच. शेवटच्या सामन्याआधी इंग्लंड आणि स्कॉटलंड दोघांचे चार-चार गुण होते. वाटणीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे नुसती बरोबरी झाली असती तरी स्कॉटलंड सहविजेता ठरला असता. १५ एप्रिल १९५० रोजी हॅम्पडेन पार्कवर रॉय बेंटलीच्या एका गोलाने इंग्लंडने सामना जिंकला. स्कॉटलंडने शब्द पाळला आणि संघ घरी ठेवला. (त्याच विश्वचषकातून भारतानेही माघार घेतली होती, त्याची कारणे निराळी होती.) इंग्लंड गेले आणि बेलो होरिझॉन्टे इथे अमेरिकेकडून ०-१ असे हरले.

चार वर्षांनी तीच पद्धत, पुन्हा इंग्लंड पहिले आणि स्कॉटलंड दुसरे. या वेळी स्कॉटलंडने अट घातली नाही. स्वित्झर्लंडला जाऊन उरुग्वेकडून ०-७ असा मार मात्र खाल्ला.

१९५८ साठी चौघांना वेगवेगळ्या गटांत टाकले, आणि चारही पात्र ठरले. स्वीडनमधल्या त्या विश्वचषकात चारही ब्रिटिश संघ होते, असे त्याआधी किंवा त्यानंतर कधीच घडले नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांना अडवायचे थांबवल्यावर चौघांनाही जागा मिळाली. होम चॅम्पियनशिपला विश्वचषकाचे दार म्हणून वापरणे चौघांपैकी निदान दोघांच्या तोट्याचे होते, असा निष्कर्ष यातून निघतो.

तरीही आणखी एकदा तसा वापर झाला. १९६६-६७ आणि १९६७-६८ या दोन हंगामांचे गुण मिळून १९६८ च्या युरोपीय स्पर्धेसाठी एक संघ निवडायचा होता. इंग्लंड नुकतेच जगज्जेते झाले होते. १५ एप्रिल १९६७ रोजी वेम्बलीवर स्कॉटलंडने त्यांना ३-२ असे हरवले. सामना चालू असताना स्कॉटलंडच्या जिम बॅक्स्टरने चेंडू पायावर टप टप उडवत ठेवून प्रतिस्पर्ध्यांना खिजवले. जगज्जेत्यांना हरवणारे आपणच आता जगज्जेते, असे स्कॉटलंडमध्ये अर्ध्या थट्टेने म्हटले जाऊ लागले. पण दोन हंगामांची बेरीज झाली तेव्हा इंग्लंडचे नऊ गुण भरले आणि स्कॉटलंडचे आठ. पुढे गेले ते इंग्लंडच.

८. मे महिन्यातली गर्दी

१९६८-६९ पासून सहाही सामने हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, सुमारे आठवड्याभरात उरकण्याची पद्धत सुरू झाली. दूरचित्रवाणीला ते सोयीचे होते. प्रेक्षकांना घरबसल्या फुटबॉलची पर्वणी मिळाली. क्लबांचे थकलेले खेळाडू आणि ओस पडू लागलेली लहान मैदाने ही त्याची दुसरी बाजू.

या काळातले एक दृश्य मात्र सगळ्या ब्रिटनच्या लक्षात राहिले. १९७१ मध्ये बेलफास्टला इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स लांब किक मारण्यासाठी चेंडू हातातून वर सोडत होता. चेंडू त्याच्या हातातून सुटून पायाला लागण्यापूर्वीच्या क्षणी उत्तर आयर्लंडच्या जॉर्ज बेस्टने मध्ये पाय घालून तो उडवला आणि डोक्याने जाळ्यात घातला. पंचांनी गोल नाकारला, इंग्लंड १-० ने जिंकले. गोलरक्षकाच्या हातून सुटलेला चेंडू कोणत्या क्षणी 'खुला' होतो, हा वाद त्या गोलाच्या निमित्ताने आजही निघतो.

उत्तर आयर्लंडमधला सशस्त्र संघर्ष तोवर पेटला होता. पाहुणे संघ बेलफास्टला यायला कचरू लागले. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडने स्कॉटलंडविरुद्धचा 'घरचा' सामना स्कॉटलंडच्याच हॅम्पडेनवर खेळला, आणि १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्धचा घरचा सामना लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर. मे १९८१ मध्ये या संघर्षातल्या कैद्यांनी तुरुंगात केलेल्या उपोषणांमुळे वातावरण फारच तापले, तेव्हा इंग्लंड आणि वेल्सने बेलफास्टला जायला नकार दिला. स्पर्धा अर्धवट राहिली आणि त्या वर्षी कुणीच विजेता नाही. महायुद्धांनी स्पर्धा भरू दिली नव्हती. भरलेली स्पर्धा अपुरी राहण्याचा हा एकच प्रसंग.

दुसरीकडे प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीने नाकी नऊ आणले. १९७७ मध्ये वेम्बलीवरच्या २-१ या विजयानंतर स्कॉटलंडचे समर्थक मैदानात घुसले, त्यांनी गोलपोस्ट मोडले आणि हिरवळीचे तुकडे आठवण म्हणून उपटून नेले.

९. शेवटची स्पर्धा

१९८३ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या असोसिएशननी कळवले, की पुढचा हंगाम आमचा शेवटचा. गर्दी घटत होती, वेळापत्रक भरत चालले होते, आणि दरवर्षी त्याच तीन शेजाऱ्यांशी खेळण्यापेक्षा युरोपातले किंवा दक्षिण अमेरिकेतले तगडे संघ या दोघांना हवे होते. वेल्स आणि उत्तर आयर्लंडला हा निर्णय जिव्हारी लागला, कारण इंग्लंडविरुद्धच्या सामन्याच्या तिकीटविक्रीवर त्यांची बरीच भिस्त होती.

योगायोग असा, की शेवटची स्पर्धा १९५५-५६ च्या वळणावर गेली. उत्तर आयर्लंडने स्कॉटलंडला २-० ने हरवले. स्कॉटलंडने वेल्सला २-१ ने. इंग्लंडने उत्तर आयर्लंडला १-० ने. वेल्सने रेक्सहॅमला इंग्लंडला १-० ने. वेल्स-उत्तर आयर्लंड सामना १-१ असा सुटला. आता उरला एकच सामना, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. दोघांचे दोन-दोन गुण होते, तर खेळून मोकळे झालेल्या वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे तीन-तीन. हॅम्पडेनवर जो जिंकेल तो चार गुणांनी विजेता. २६ मे १९८४ रोजी तो सामना १-१ असा सुटला. पुन्हा चौघांचेही तीन-तीन गुण. आजच्यासारखे विजयाला तीन गुण दिले असते तरी कोडे सुटले नसते. प्रत्येकाचे चार-चार झाले असते.

पण आता गोलफरकाचा नियम होता. उत्तर आयर्लंड: तीन केले, दोन खाल्ले, अधिक एक. वेल्स: तीन आणि तीन, शून्य. इंग्लंड: दोन आणि दोन, शून्य, पण कमी गोल केल्यामुळे वेल्सच्या खाली. स्कॉटलंड: तीन आणि चार, उणे एक. बिली बिंगहॅमच्या मार्गदर्शनाखालचा उत्तर आयर्लंडचा संघ शेवटच्या दिवशी मैदानात न उतरताच विजेता ठरला. त्या हंगामात त्यांना घरी एकच सामना मिळाला होता, आणि विजयही एकच. जुनी वाटणी चालू असती तर चषकाचे चार वाटेकरी झाले असते. पंचम जॉर्ज राजाच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९३५ मध्ये घडवलेला तो चांदीचा चषक बेलफास्टच्या असोसिएशनकडेच राहिला.

१०. नंतर काय

इंग्लंड आणि स्कॉटलंडने आपला वार्षिक सामना १९८५ पासून रूस चषक या नावाने वेगळा चालू ठेवला. १९८७ पासून त्यात दरवर्षी दक्षिण अमेरिकेतला एक पाहुणा संघ येई. तोही प्रकार १९८९ नंतर थांबला.

२०११ मध्ये डब्लिनला नेशन्स कप नावाची स्पर्धा झाली. तिच्यात आयर्लंड प्रजासत्ताक, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड होते, इंग्लंड नव्हते. यजमानांनी स्पर्धा जिंकली, पण खुर्च्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या आणि ती पुन्हा भरली नाही. चौघांचा मिळून एक संघ करण्याची कल्पनाही मधूनमधून डोके वर काढते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ग्रेट ब्रिटनचा पुरुषांचा फुटबॉल संघ तयार झाला, तेव्हा त्यात इंग्लंड आणि वेल्सचेच खेळाडू होते. एकदा एकत्र खेळलो तर स्वतंत्र सदस्यत्वावर कुणीतरी बोट ठेवील, ही इतर असोसिएशनची धास्ती होती.

आता हे शेजारी समोरासमोर येतात ते सोडतीच्या चिठ्ठ्यांनी एकत्र आणले तर, किंवा एखाद्या मैत्रीपूर्ण सामन्यापुरते. १९९६ च्या आणि २०२१ मध्ये झालेल्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंड आणि स्कॉटलंड वेम्बलीवर एकाच गटात खेळले, आणि २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंडने वेल्सला ३-० असे हरवले.